बेनिताचा पतंग आणि ऑरिनची रेघ

ऑरिन टॅगर्टने मंगळवारी सकाळी दाढी केली आणि बेनिता अरिझागाच्या पोटात दुखायला लागलं.

आता कुणी म्हणेल, एका म्हाताऱ्याने दाढी केली तर दुसऱ्याच्या पोटात दुखण्यासारखं त्यात काय आहे? पण ऑरिन म्हणजे लग्नाला, मयताला आणि मतदानाला एकाच दाढीनिशी जाणारा माणूस. तळ्याची पांढरी धूळ त्या दाढीत कायमची मुक्कामाला. तो हसला की थोडी शर्टावर सांडायची. तो ऑरिन त्या सकाळी वर्लाच्या हॉटेलात गुळगुळीत गालांनी शिरला. अंगात इस्त्रीचा शर्ट. त्याने अंडी आणि चोरिसो म्हणजे तिखट सॉसेज मागवलं आणि खिडकीपाशी जाऊन बसला, जणू रोज असाच येतो.

"कोण गेलं?" काउंटरवर कॉफी पीत बसलेल्या बेनिताने विचारलं.

"कुणी नाही. एक बाई यायचीय. लॉस एंजलिसहून."

"कशाला?"

"रेघेचा फोटो काढायला," ऑरिन बशीकडे बघत म्हणाला.

वर्लाने कढईतलं लक्ष काढून बेनिताच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा कढईत घातलं. पुढची पंधरा मिनिटं त्या हॉटेलात फक्त चोरिसो बोलत होतं.

बेनिता आमच्या अल्कली बेंड गावातच जन्मली, जिप्समच्या कारखान्याच्या घरांमधल्या एका घरात. तिचा बाप स्पेनच्या बास्क मुलखातून मेंढ्यांमागे नेवाडात आला आणि मेंढ्यांना कंटाळून कारखान्यात लागला. वर्षानुवर्षं मेंढ्यांशी बोलून त्याची माणसांशी बोलायची सवयच गेली होती. ती कसर मुलीने व्याजासकट भरून काढली. मोठी झाल्यावर बेनिताने शाळेची बस चालवायला घेतली. बसमध्ये मारामारी करणारं पोर ती रस्त्यात उतरवायची, बसच्या पुढे थोडं चालायला लावायची आणि मग काहीच झालं नाही अशा थाटात पुन्हा आत घ्यायची. आमच्यातले निम्मेअधिक लोक असे कधी ना कधी त्या बसपुढे चाललेले आहेत. पुढे कारखाना बंद पडला, त्यामागोमाग शाळा बंद पडली, बस विकली गेली. बेनिताचा नवरा एल्कोकडच्या सोन्याच्या खाणीत कामाला गेला आणि तिकडेच दुसरं घर करून बसला. बेनिताने त्याच्या सामानाचं गाठोडं बसस्टॉपवर ठेवलं, आणि तो विषय संपवला.

ऑरिन त्याच कारखान्यात रस्ते सपाट करायचं मोठं यंत्र चालवायचा. नोकरी गेल्यावर त्याने जुन्या ट्रकला एक लोखंडी दाताळं बांधलं आणि तळ्यावर जाऊन ते ओढत फिरायला लागला. आमचं तळं म्हणजे नावाचं तळं. हिवाळ्यात घोटाभर पाणी येतं तेवढंच, एरवी मैलच्या मैल भेगाळलेली पांढरी माती. तिच्यावर हा माणूस दिवसभर रेघा ओढतोय. लोक म्हणाले, नोकरी गेली आणि डोकंही गेलं. मग एकदा बेनिता जुनिपरची लाकडं आणायला डोंगरावर गेली होती, तिने वरून खाली पाहिलं आणि लाकडं तिथेच टाकली. खाली अख्ख्या गावाएवढी एक वेल पसरली होती. एकच रेघ, दाताळं न उचलता ओढलेली. बेनिता तडक खाली आली आणि ट्रक अडवून म्हणाली, "तुझं तिसरं वळण फुगलंय."

ऑरिनने स्वतःची रेघ कधी वरून पाहिलीच नव्हती. डोंगर चढणं त्याच्या कंबरेला तेव्हाही जमत नव्हतं. मग बेनिताने टपालाने एक भलामोठा पतंग मागवला आणि त्याच्या दोरीला कॅमेरा टांगला. पहिला कॅमेरा पडून फुटला. दुसऱ्यात धूळ गेली. तिसऱ्याला तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिकटपट्टीने असा गुंडाळला की नुसती काच तेवढी बाहेर, आणि तो दर थोड्या वेळाने आपला आपण फोटो काढील अशी सोय केली. त्यातला पहिला धड फोटो तिने ऑरिनच्या हातात दिला तेव्हा त्याने तो उलटसुलट करून पाहिला. "हे मी केलं?" एवढंच त्याने विचारलं.

"मग काय मी?" बेनिता म्हणाली. घरी जाऊन मात्र ती रडली. का ते तिलाही सांगता आलं नसतं.

तेव्हापासून चौदा वर्षं हेच चाललं होतं. उन्हाळा सरताना तळ्यावर एक मोठी जत्रा भरते. दूरदूरचे लोक येऊन लाकडाची देवळं, लोखंडाचे प्राणी, चार मजली बायका उभ्या करतात, त्यातलं बरंचसं जाळतात आणि जाताना जमिनीवरची टाचणीसुद्धा वेचून नेतात. ते गेले की तळं रिकामं होतं. मग ऑरिन तळ्याच्या उत्तरेकडच्या अंगाला आपली रेघ सुरू करतो. नियम एकच. रेघेतून चालायचं, रेघेबाहेर पाऊल टाकायचं नाही. कारण तिथल्या मातीवर उमटलेलं काहीही हिवाळ्याचं पाणी येईपर्यंत पुसलं जात नाही. पाणी आलं की सगळंच पुसलं जातं, रेघसुद्धा. उरतो तो फक्त फोटो. आणि फोटो म्हणजे बेनिता. म्हणजे त्या मंगळवारपर्यंत तरी तसं होतं.

जोसलिन पाइक दुपारी आली. बेनिताने तिच्यात खोट काढायचा अगदी मनापासून प्रयत्न केला. बूट नवे असतील म्हणावं तर बूट धुळीने माखलेले, झिजलेले. तोऱ्यात बोलेल म्हणावं तर वर्लाला तिने कपबशा उचलून दिल्या. बरं, वय तरी कोवळं असावं, तर तेही नाही. चांगली पन्नाशीची बाई, केस पांढरे व्हायला लागलेले, ते तिने रंगवलेही नव्हते. जत्रेतल्या जळणाऱ्या शिल्पांचे तिचे फोटो म्हणे जगभर गाजलेले. ती येऊन वर्लाच्या भिंतीसमोर उभी राहिली. त्या भिंतीवर बेनिताचे फोटो ओळीने लावलेले होते, तळणीच्या धुराने जरा पिवळे पडलेले.

"हे तुमचे ना?" तिने बेनिताला विचारलं. "गेल्या वर्षी जत्रेहून परत जाताना इथे फळांचा भाजलेला पाय खायला थांबले होते. हे पाहिले आणि तो तसाच राहिला. हे पाहूनच मी ऑरिनना शोधत आले."

बेनिताला कुणी कानफटात मारली असती तरी इतकं लागलं नसतं. म्हणजे हिला इथवर आणलं ते तिच्याच फोटोंनी.

"सफरचंदाचा होता का पाय?" बेनिताने विचारलं.

"हो."

"तो तसाही चांगला नसतो."

"ए बये!" वर्ला आतून ओरडली. "माझ्या पायावर का राग काढतेस?"

संध्याकाळी ऑरिन बेनिताच्या दारात आला. आत ये म्हटलं तरी आला नाही, पायरीवरच टोपी फिरवत उभा राहिला. तेव्हाच तिला कळलं, आता काहीतरी बोचणारं निघणार.

"रीनोच्या संग्रहालयाला फोटो हवाय," तो म्हणाला. "एकच. भिंतीएवढा. कायमचा राहणार तिथे."

"मग माझे आहेत की."

"यंदाच्या रेघेचा हवाय. बेनिता, ही शेवटची. डॉक्टर म्हणतो, ट्रकमध्ये असाच हादरत बसलास तर पुढल्या वर्षी खुर्चीला चाकं लागतील." त्याने टोपी डोक्यावर घातली, परत काढली. "ती हेलिकॉप्टर आणणार आहे, शुक्रवारी सकाळी. शनिवारी पाऊस सांगितलाय, म्हणजे शुक्रवारच. आणि हेलिकॉप्टरवाला म्हणतो, त्या वेळी हवेत दोरी नको."

"हवा काय त्याच्या बापाची आहे?"

"दोरी पंख्यात गेली तर माणसं मरतील."

हे खरं होतं, त्यामुळे बेनिता आणखीच भडकली. "चौदा वर्षं, ऑरिन! चौदा वर्षं मी तुझ्या रेघांपायी हात कापून घेतले दोरीने. आणि शेवटच्या रेघेला ती? कोण कुठली, दोन दिवसांची ओळख, आणि तू तिच्यासाठी दाढी करतोस?"

"दाढीचं काय मध्येच?"

"विचारलंस का मला एका शब्दाने? मोठा फोटो काढता येईल का म्हणून?"

ऑरिन टोपीची शिवण बघायला लागला. विचारलं नव्हतं.

"माझा फोटो आला तर बघशील?" शेवटी बेनिता म्हणाली.

"बघेन. दोन्ही समोर ठेवून बघेन, मग जो चांगला तो देईन. पण शुक्रवारी नको. उद्या-परवा काढ."

पण रेघ पुरी झाली ती बुधवारी अंधार पडता पडता, आणि गुरुवारी तळ्यावर असा वारा सुटला की हातभर पलीकडचं दिसेना. अशा धुळीत पतंग चढवायचा म्हणजे कॅमेऱ्याला गाडायचंच. बेनिता दिवसभर खिडकीशी बसून वाऱ्याला शिव्या घालत होती. बास्क भाषेत घालत होती, म्हणजे मामला गंभीर होता. हे प्रेमबीम नव्हतं, बरं का. आमच्याकडे पुष्कळांनी तसं म्हणून पाहिलं. ऑरिनने तिला मागणी घातली असती तर तिने त्यालाच बसपुढे चालायला लावलं असतं. तिला ऑरिन नको होता. तिला ऑरिनची रेघ हवी होती, आणि ती वरून बघणारा डोळा आपलाच हवा होता. दुसऱ्या कुणी ती पाहायची, तीही आपल्याहून चांगली पाहायची, या कल्पनेनेच तिचा जीव खालीवर होत होता. त्या रात्री तिने मटणाचा रस्सा केला आणि तो न खाताच झाकून ठेवला.

शुक्रवारी उजाडायच्या सुमाराला ती तळ्यावर पोचली. अंगात हरणाच्या शिकारीला घालतात तसलं नारिंगी जाकीट, थंडी फार होती म्हणून. हेलिकॉप्टर ऊन नीट पडल्यावर येणार होतं. त्याआधी पतंग चढवायचा, फोटो काढायचे, पतंग उतरवायचा. कुणाच्या पंख्यात काही जाणार नाही आणि कुणाला कळणारही नाही. पहाटे डोंगरावरून एक वारा खाली उतरतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि हेही ठाऊक आहे की ऊन तळ्यावर पसरलं की तो वारा पडतो. एकदम पडतो, दिवा मालवावा तसा.

पतंग छान चढला. दोरी हाताला ताणत होती, कॅमेरा वर डुलत होता. बेनिता रेघेच्या तोंडापासून काठाकाठाने सरकत होती. यंदा ऑरिनने गोल गोल आत जाणारी रेघ ओढली होती. काठावरून सुरू होऊन फिरत फिरत मध्यावर जायची, तिथे वळायची आणि आत गेलेल्या रेघेच्या शेजारून तशीच फिरत बाहेर यायची. एकही वळण फुगलेलं नव्हतं. तिरपं ऊन आलं आणि रेघेच्या कडांच्या सावल्या पडल्या. बेनिताला वरचं दिसत नव्हतं, पण खाली बघूनच कळत होतं की वर काय दिसत असेल.

आता उतरवायला हवा होता. दुसऱ्या कुठल्याही वर्षी तिने उतरवला असता. पण हिच्या मनात ती दुसरी बसलेली. एक अजून, बेनिता म्हणाली. मध्यावर आणून एकच. मग म्हणाली, हाही नको, सावली अजून जरा येऊ दे. ऊन तळ्यावर पसरलं तेव्हाही ती दोरी सोडतच होती.

वारा पडला. पतंग एकदा हलला, मग कुणी ओढणी टाकावी तसा खाली आला आणि कॅमेऱ्यासकट थेट रेघेच्या मधोमध जाऊन पडला.

बेनिता काठावर उभी राहिली. हातात दोरीची फिरकी. तिथून मध्यापर्यंत सगळी न तुडवलेली माती, आणि तिच्यावरून वळणावळणांना आडवी छेदत गेलेली तिची दोरी.

आता एरवी पतंग पडला की माणूस काय करतो? दोरी गुंडाळतो. बेनिताच्या हातांनी आपसूकच फिरकीला एक वेढा दिला आणि मध्यावर धुळीचा एवढासा फुगारा उठला. कॅमेरा जमिनीवरून घासला होता. ती थांबली. आणि त्या क्षणी तिला जे सुचलं ते सुचायला नको होतं.

दोरी गुंडाळत गेलं तर पतंगाच्या काड्या आणि कॅमेरा मध्यापासून काठापर्यंत माती खरवडत येतील. अख्ख्या रेघेवर एक ओरखडा, शनिवारच्या पावसापर्यंत न जाणारा. जोसलिन येईल आणि वरून बघेल तर चित्र बिघडलेलं. आणि न बिघडलेल्या रेघेचे फोटो जगात एकाच ठिकाणी असतील. त्या पडलेल्या कॅमेऱ्यात. कुणी तिला बोल लावू शकणार नव्हतं. पतंग पडला, तिने ओढून घेतला. पडतातच पतंग.

तिने आणखी एक वेढा दिला. पुन्हा धूळ उठली. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. पोटात मंगळवारपासून जे दुखत होतं ते जरा कमी झालं.

मग तिला ऑरिन दिसला. खरा नव्हे, मनातला. तो लंगडत इथे येईल, ओरडणार नाही. कुणावर ओरडणं त्याला येतच नाही. तो ओरखड्याकडे बघेल आणि म्हणेल, वाऱ्यापुढे कुणाचं चालतं, बेनिता? आणि तिच्या पाठीवर हात ठेवून तिचीच समजूत घालेल. त्याच्या शेवटच्या रेघेवर तिने नांगर फिरवायचा आणि वर त्याच्याकडून समजूत घालून घ्यायची! हे मात्र तिला सोसवेना. तिने खिशातला चाकू काढला, दोरी कापली, फिरकी ट्रकमध्ये फेकली. मग रेघेच्या तोंडाशी जाऊन आत पाऊल टाकलं. कॅमेरा आणायचा तर रेघेतूनच जायचं. सगळी वळणं फिरत, आत आणि मग बाहेर.

चौदा वर्षांत ती ऑरिनच्या रेघेतून कधी चालली नव्हती. तिला रेघ माहीत होती ती वरून. आतून ती नुसती नांगरलेली पायवाट होती. ना आकार, ना शेवट. मऊ मातीत बूट रुतत होते. मध्य समोर दिसायचा, जवळ यायचा, आणि मग रेघ तिला खुशाल पलीकडे घेऊन जायची. बेनिता चालत होती आणि मोठमोठ्याने भांडत होती. ऑरिनशी, जोसलिनशी, वाऱ्याशी आणि एल्कोतल्या नवऱ्याशीसुद्धा, त्याचा इथे काही संबंध नसताना.

अर्ध्या वाटेवर असताना तो आवाज आला. डोंगरामागून हेलिकॉप्टर निघालं, उंचावर आलं आणि घिरट्या घालायला लागलं. बेनिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लपायला काही नव्हतं. रेघ सोडून पळावं तर पावलं उमटणार. आडवं पडावं तर मेलेलं जनावर पडल्यासारखं दिसणार. तिने वर बघायचं नाही असं ठरवलं आणि मान खाली घालून चालत राहिली. आमच्या बसपुढे चालणाऱ्या पोरांसारखीच.

मध्यावर पोचली तेव्हा कॅमेऱ्याची काच तडकलेली होती. ज्या जागी तो घासला होता तिथे दोन छोटे ओरखडे होते, वीतभर. तिने ते गुडघ्यांवर बसून तळहाताने सारखे केले, दोरी अलगद गोळा केली आणि पतंगाची घडी काखेत मारली. शेजारीच, रेघ जिथे वळते त्या जागी, ऑरिनच्या बुटांचे ठसे होते. तो इथे ट्रकमधून उतरला होता. बराच वेळ उभा राहिला असणार, कारण एकाच जागी माती दबली होती. आपली शेवटची रेघ अर्धी झाल्यावर तो इथे एकटा उभा होता. हे हेलिकॉप्टरमधून दिसणार नाही, बेनिताच्या मनात आलं, आणि तिला लहान मुलासारखा आनंद झाला. हे फक्त मला माहीत आहे. घे, काढ याचा फोटो!

ती रेघेतून फिरत बाहेर आली तोवर हेलिकॉप्टर निघून गेलं होतं आणि ऑरिन ट्रकच्या मागच्या फळीवर बसला होता. त्याने थर्मासमधली कॉफी ओतून पुढे केली.

"बाहेर पाऊल पडलं नाही ना?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग बस."

बेनिताने कॉफी घेतली आणि तिला आणखीच शरम वाटली. तिने कॅमेऱ्यातलं फोटोंचं कार्ड काढून त्याच्या हातावर ठेवलं. "यात माझे आहेत. दोन्ही समोर ठेवून बघेन म्हणाला होतास."

शनिवारी पाऊस आला आणि रेघ गेली.

फोटो बघायला सगळे वर्लाच्या हॉटेलात जमलो. आगंतुक म्हणून कुणी नव्हतंच, सगळं गाव घरचंच. ऑरिनने दोन फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. बेनिताचा चांगला होता. जरा तिरका, एक कड कापलेली, पण सावल्या अशा बसलेल्या की रेघ कोरून काढलेली वाटावी. जोसलिनच्या फोटोत रेघ पुरी होती, शांत, सरळ वरून घेतलेली. आणि तिच्या एका वळणात एक नारिंगी ठिपका होता. मान खाली घातलेला.

"हा देतो," ऑरिन म्हणाला आणि जोसलिनच्या फोटोवर बोट ठेवलं.

बेनिता उठली. "त्यात मी आहे!"

"म्हणूनच."

"म्हणूनच म्हणजे? माझा खराब आहे का?"

"तुझा चांगला आहे. पण त्यातली रेघ केवढी आहे ते कळत नाही. ताटाएवढी म्हण, नाहीतर गावाएवढी. चौदा वर्षांत तू माझ्या रेघेच्या एकाही फोटोत माणूस येऊ दिला नाहीस, बेनिता. कुणी आलं की लांबून बोंब मारायचीस." तो हसला. दाढी पुन्हा जरा वाढली होती. "मला चौदा वर्षं वाटत होतं, मी काहीतरी बारीकसं काढतोय. हा पाहिला तेव्हा कळलं, किती चालावं लागतं."

बेनिताने तो फोटो पुन्हा पाहिला. तो चांगला होता. तिच्या कुठल्याही फोटोहून चांगला, आणि दुःख हे की ते तिला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. ती घरी गेली आणि पुढे कितीतरी दिवस वर्लाच्या हॉटेलाच्या रस्त्याने फिरकली नाही.

संग्रहालयात फोटो लागला त्या दिवशी वर्लाने तिला जवळजवळ ओढून रीनोला नेलं. फोटो खरोखरच भिंतीएवढा होता. खाली पितळेच्या पट्टीवर ऑरिनचं नाव, त्याखाली जोसलिन पाइकचं. तिसरं नाव नव्हतं. का असावं? बेनिता हाताची घडी घालून त्याच्यासमोर उभी राहिली. लोक तिला ओलांडून फोटोजवळ जात होते आणि सगळे, अगदी सगळे, वाकून त्या नारिंगी ठिपक्याकडेच बघत होते. जोसलिन तिच्याजवळ आली. "तुमच्यामुळे झाला हा," ती म्हणाली. चांगुलपणानेच म्हणाली, मेली.

तेवढ्यात एक जाडसर गृहस्थ त्यांच्यापाशी थांबला. बायकोचा हात धरून आला होता. "हा चालतोय तो कोण हो? ज्याने रेघ काढली तो का?"

जोसलिन बोलायला गेली, पण बेनिता पुढे सरसावली.

"नाही," ती म्हणाली. "ती फोटोग्राफर आहे."

"काय सांगता! फोटोसाठी एवढं चालली?"

"आत आणि परत बाहेर."

"बघ गं," गृहस्थ बायकोला म्हणाला, "याला म्हणतात फोटोग्राफर." मग दोघं मान डोलवत, पितळेची पट्टी न वाचताच, पुढच्या दालनात गेली.

बेनिताने जोसलिनकडे पाहिलं. त्या बाईच्या शहाण्या, शांत चेहऱ्यावर काहीतरी हललं. तिची नजर पट्टीवरच्या आपल्या नावाकडे गेली, तिथून त्या ठिपक्याकडे, आणि मग ओठ जरासे आवळले गेले. दुसऱ्या कुणाला ते दिसलंही नसतं. पण बेनिता गेला महिनाभर रोज सकाळी आरशात तेच तोंड बघत होती, तिने ते लगेच ओळखलं.